वाचकांचे प्रश्न : स्कॅनमध्ये एकच ग्रंथी, पण आजार चारही ग्रंथींत

प्रश्न : माझा भाऊ ३१ वर्षांचा आहे. तीन वर्षांत दोनदा मूतखडा झाला. रक्तातलं कॅल्शियम ११.४ आणि पीटीएच (कॅल्शियम वाढवणारं पॅराथायरॉइड हार्मोन) ११८ आलं, दोन्ही जास्त. वडिलांना अल्सरचा जुना त्रास आहे, आत्याची पिट्युटरीची (मेंदूखालच्या ग्रंथीची) गाठ काढली आहे. भावाच्या जनुक तपासणीत एमईएन-१ (अनेक हार्मोन-ग्रंथींत गाठी आणणारा आनुवंशिक आजार) निघाला. स्कॅनमध्ये मात्र गळ्यातल्या चार पॅराथायरॉइड ग्रंथींपैकी डावीकडची खालची एकच मोठी दिसते. तेवढीच काढली तर भागेल का?

उत्तर : भागणार नाही. ऑपरेशनच्या आधी एमईएन-१ कळला, हे फार बरं झालं. एरवी पॅराथायरॉइडमुळं कॅल्शियम वाढणाऱ्यांपैकी बहुतेकांत एकाच ग्रंथीत गाठ असते. ती काढली की कॅल्शियम उतरतं. एमईएन-१ मध्ये तसं नसतं. ११ व्या गुणसूत्रावरच्या या जनुकाची एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली असते. ग्रंथीच्या एखाद्या पेशीतली दुसरी प्रतही गेली, की ‘मेनिन’ हे प्रथिन बनत नाही आणि त्या पेशीची वाढ आवरणारं काही उरत नाही. चारही ग्रंथींत हे आपापल्या वेगानं घडतं. निरोगी ग्रंथी असते तांदळाच्या दाण्याएवढी, ३० ते ४० मिलिग्रॅमची. तुमच्या भावाची एक ग्रंथी चिंचोक्याएवढी झाली असेल, दुसरी मसुराएवढीच असेल. स्कॅनला मोठी तेवढी दिसली, इतकाच त्याचा अर्थ.

एकच काढली तर काही वर्षांत बाकीच्या डोकं वर काढतात. मग गळ्यावरचं दुसरं ऑपरेशन व्रण धरलेल्या जागेत करावं लागतं आणि आवाजाच्या नसेला इजा होण्याचा धोका वाढतो. म्हणून सहसा चारही ग्रंथी डोळ्यांनी पाहून साडेतीन काढतात. उरलेला अर्धा भाग रक्तपुरवठ्यासह जागीच ठेवून क्लिपनं खूण करतात, म्हणजे पुढं शोधायला सोपं जातं. त्याच छेदातून छातीच्या वरच्या भागातली थायमस ग्रंथीही काढतात. जास्तीची पाचवी ग्रंथी तिथं दडलेली असू शकते. काही तज्ज्ञ तरुण रुग्णांत एका बाजूच्या दोन ग्रंथी काढून दुसरी बाजू पुढच्यासाठी राखतात. यातलं काय करणार आणि का, हे सर्जनना स्पष्ट विचारा. अशी ऑपरेशनं नेहमी करणारा सर्जन गाठा, त्यासाठी दुसऱ्या शहरात जावं लागलं तरी. साडेतीन ग्रंथी काढल्यावरही आजार परतू शकतो, त्यामुळं दरवर्षी कॅल्शियम तपासणं जन्मभर चालू ठेवावं लागेल.

वडिलांच्या अल्सरकडंही लक्ष द्या. एमईएन-१ मध्ये गॅस्ट्रिन (पोटातलं आम्ल वाढवणारं हार्मोन) बनवणाऱ्या गाठी होतात आणि कॅल्शियम चढलं की गॅस्ट्रिनही चढतं. त्यांचं कॅल्शियम, पीटीएच आणि गॅस्ट्रिन तपासून घ्या. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी गॅस्ट्रिन खोटं वाढलेलं दिसतं, पण म्हणून त्या स्वतःहून बंद करू नका. अशा रुग्णात अल्सर फुटू शकतो.

ऑपरेशननंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कॅल्शियम सर्वांत खाली जातं. ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या तर लगेच सांगा. हात आखडू लागले तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा. कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळ्या जेवणासोबत घ्यायच्या. भाऊ आम्लाच्या गोळ्या घेत असेल तर कार्बोनेट नीट शोषलं जात नाही, तेव्हा सायट्रेट मागून घ्या.

प्रश्न : पाच वर्षांपूर्वी माझ्या चारही ग्रंथी काढून एकीचे तुकडे डाव्या हाताच्या स्नायूत बसवले. यंदा पीटीएच ६१० आलं, कॅल्शियम मात्र ९.४, म्हणजे ठीक. आजार उलटला का?

उत्तर : रक्त कोणत्या हातातून काढलं, ते आधी आठवा. डाव्या कोपरातून काढलं असेल तर तुकड्यांतून निघालेलं हार्मोन अंगभर मिसळण्याआधीच नळीत आलं, आकडा फुगणारच. उजव्या हातातून पुन्हा तपासा आणि सोबत डी जीवनसत्त्वही बघा. ते कमी असलं तरी पीटीएच चढतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना विचारून तीन दिवस आधी थांबवा, त्यांनी बऱ्याच मशीनवर पीटीएच खोटं कमी येतं.

पुढं कधी कॅल्शियमही वाढलं, तर दोन्ही हातांतून एकाच वेळी रक्त घेतात. डावीकडचा आकडा खूप जास्त आला तर हातातले तुकडे वाढले आहेत, आणि त्यांतले काही जागा बधिर करून काढता येतात. दोन्ही आकडे सारखेच आले तर गळ्यात किंवा छातीत शोधावं लागतं. फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईनं लिहून ठेवा : ‘पीटीएच फक्त उजव्या हातातून.’

प्रश्न : कॅल्शियम वाढलंय म्हणून आईनं दूध-दही सोडलंय. बरोबर आहे का?

उत्तर : नाही. पॅराथायरॉइडच्या आजारात वाढलेलं कॅल्शियम मुख्यतः हाडांतून येतं. आहारातलं तोडलं तर पीटीएच आणखी चढतं. एरवीइतकं दूध-दही चालू द्या. हृदयाच्या वा किडनीच्या आजारामुळं पाणी मर्यादित नसेल, तर दिवसाला अडीच-तीन लिटर प्यायला द्या. रक्तदाबाच्या गोळीत थायाझाइड (लघवी वाढवणारं औषध, त्यानंही कॅल्शियम चढतं) आहे का, डॉक्टरांना विचारा. आणि ६०,००० युनिटची डी जीवनसत्त्वाची पुडी मेडिकलमधून आणून आपल्या मनानं देऊ नका. कमतरता भरायची असते, पण बेतानं आणि कॅल्शियम तपासत.

प्रश्न : मला एमईएन-१ आहे. मुलं सहा आणि नऊ वर्षांची आहेत. त्यांचं काय?

उत्तर : प्रत्येकाला तो येण्याची शक्यता निम्मी. तुमच्या रिपोर्टची प्रत लॅबला द्या, म्हणजे तुमच्यात सापडलेला नेमका बदलच मुलांत शोधतील. तो नसेल तर त्या मुलाला पुढं कसल्याच तपासण्या नकोत. असेल तर २०१२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उपाशीपोटी साखर आणि प्रोलॅक्टिन पाचव्या वर्षापासून, तर कॅल्शियम आणि पीटीएच आठव्या वर्षापासून दरवर्षी बघतात. रक्त देण्याआधी जनुक समुपदेशकाशी एकदा बोला, आणि मुलांना काय आणि केव्हा सांगायचं, तेही तिथंच ठरवा.