आईची व्हीलचेअर आणि मेट्रो सात

प्रश्न : आम्ही कांदिवली पूर्वेला, आकुर्ली मेट्रो स्थानकाजवळ राहतो. पक्षाघातानंतर माझ्या ७२ वर्षांच्या आईला व्हीलचेअर लागते आणि आठवड्यातून दोनदा तिला मरोळ नाक्याजवळ फिजिओथेरपीसाठी न्यावे लागते. महामार्गावरच्या कोंडीत गाडी चालवून मी थकलो आहे. तिला मेट्रोने नेणे खरोखर जमेल का? सवलतीचा पास काढावा का?
– एक वाचक, कांदिवली (पूर्व)

उत्तर : जमेल. मेट्रो ७ ने आकुर्लीहून गुंदवलीला जावे, तेथून पादचारी पुलाने मेट्रो १ च्या वेस्टर्न एक्सप्रेस हायवे स्थानकात यावे. पुढचे तिसरे स्थानक मरोळ नाका. फलाट आणि डबा जवळजवळ एकाच पातळीवर असल्याने मेट्रोत खुर्ची उचलावी लागत नाही. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र डबा असला तरी फलाट आणि पायदान यांमधली पोकळी ओलांडून, गाडी थांबते तेवढ्या जेमतेम वेळात खुर्ची आत घेणे एकट्या माणसाचे काम नव्हे, म्हणून अंधेरीपर्यंत लोकलने जाण्याचा पर्याय मी आपल्याला सुचवणार नाही.

अडचण येईल ती घराचे फाटक ते स्थानकाची लिफ्ट एवढ्या अंतरात. मेट्रो ७ द्रुतगती महामार्गावरून उंचावर धावते, त्यामुळे आपण ज्या बाजूने येता त्या बाजूची लिफ्ट बंद असली, तर मोजकी पावले दूर असलेले स्थानकही आईसाठी परगावाइतके लांब होते. दुचाकी चढू नयेत म्हणून पदपथांच्या तोंडाशी रोवलेले खांब काही ठिकाणी इतके जवळजवळ असतात की व्हीलचेअर अडते (दुचाकीस्वार मात्र कोठून तरी वाट काढतोच). म्हणून आईला नेण्यापूर्वी एकदा रिकामी खुर्ची ढकलत मरोळपर्यंत जाऊन यावे. लोक बघतील, बघू द्यावे. पण कोणत्या लिफ्टपाशी रांग लागते, रुंद प्रवेशद्वार कोणते, मदतीला कोणाला हाक मारायची आणि पुलावर चढ कोठे लागतो, हे त्या एका फेरीत कळेल.

आता पासाविषयी. मे २०२३ पासून ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना आणि दिव्यांगांना मेट्रो २ अ आणि ७ वर २५ टक्के सवलत मिळू लागली, पण ती तीस दिवसांच्या ४५ किंवा ६० फेऱ्यांच्या पासावर. आपल्या आईचा प्रवास महिन्याला जाऊन-येऊन सोळा ते अठरा फेऱ्यांचा. ४५ फेऱ्यांच्या पासाला सवलतीनंतरही जवळपास ३४ फेऱ्यांचे भाडे पडते. तेव्हा सुटी तिकिटेच परवडतील.

गाडी मात्र विकू नका. मुसळधार पावसात उघड्या पदपथावरून खुर्ची नेण्यापेक्षा त्या दिवशी कोंडी सोसलेली बरी. आणि उपचारांची वेळ शक्य असल्यास सकाळी अकरानंतरची मागून घ्यावी, म्हणजे कार्यालयीन गर्दी ओसरलेली असेल.