कोसोव्होबद्दलचं ते वाक्य आधी खोड

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या टिपणातलं ‘हेगच्या न्यायालयाने कोसोव्होचा फुटून निघण्याचा हक्क मान्य केला’ हे वाक्य आधी खोड. त्या न्यायालयाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या, २०१० च्या सल्लागार मतात तसं कुठेच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने विचारलं होतं एवढंच, की सर्बियापासून वेगळं होण्याची कोसोव्होची १७ फेब्रुवारी २००८ ची स्वातंत्र्यघोषणा आंतरराष्ट्रीय कायद्याला धरून आहे का? घोषणेने कायदा मोडलेला नाही, असं न्यायालयाने १० विरुद्ध ४ मतांनी सांगितलं. मनाई नाही म्हणून हक्क आहे असं होत नाही, आणि हक्काच्या प्रश्नात न्यायालय मुद्दामच शिरलं नाही. परिच्छेद ८० दोनदा वाच. प्रादेशिक अखंडतेचं, म्हणजे देशाचा भूभाग तोडू नये हे, तत्त्व देशादेशांमधल्या संबंधांपुरतं आहे, असं तिथे म्हटलंय. पण तिथेच थांबू नकोस. बेकायदा बळाच्या जोरावर केलेली घोषणा वेगळी ठरते, हे लगेच पुढच्या परिच्छेदात आहे, उत्तर सायप्रसच्या उल्लेखासकट.

हक्काबद्दल लिहायचं तर कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचं क्वेबेक प्रांताविषयीचं १९९८ चं मत घे. वसाहती आणि परकीय सत्तेखाली दडपलेले लोक बाहेर पडू शकतात, बाकीच्यांनी स्वयंनिर्णय, म्हणजे आपलं राजकीय भवितव्य आपण ठरवणं, देशाच्या चौकटीतच साधायचा. कारभारात शिरकावच नाकारलेल्या गटाचं काय, हे त्या न्यायालयाने मोकळं सोडलं. अशा गटाला बाहेर पडता येतं, हे तू पक्का नियम म्हणून मांडलंस. समोरचा वकील नेमका तिथेच धरेल.

स्वयंनिर्णय आणि प्रादेशिक अखंडता ही दोन तत्त्वं कायम एकमेकांच्या विरोधात असतात, हेही खरं नाही. ब्रिटनने १९६५ मध्ये चागोस बेटं मॉरिशसपासून तोडली, स्वातंत्र्य दिलं १९६८ मध्ये. लोकांच्या मुक्त आणि खऱ्या संमतीशिवाय वसाहतीचा तुकडा पाडणं स्वयंनिर्णयाच्याच विरुद्ध आहे, असं आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं २०१९ चं सल्लागार मत सांगतं. म्हणून प्रत्येक प्रकरणात पहिली नोंद तारखेची कर. तुकडा स्वातंत्र्याआधी पडला की नंतर?

गोव्याचा परिच्छेद मात्र दोन भागांत तोड. आमसभेच्या ठराव १५४२ ने १९६० मध्येच गोवा अस्वायत्त प्रदेशांच्या, म्हणजे अजून स्वतःचा कारभार हाती न आलेल्या प्रदेशांच्या, यादीत घातला होता, त्यामुळे ‘आमचा प्रांत’ हा पोर्तुगालचा दावा लंगडा पडतो. बळाचा वापर हा प्रश्न निराळा. त्यावरचा भारताविरुद्धचा ठराव डिसेंबर १९६१ मध्ये सुरक्षा परिषदेत ७ विरुद्ध ४ मतं पडूनही सोव्हिएत नकाराधिकारामुळे अडला. आणि भारताच्या बाजूने बोलणार असशील, तर मानवी हक्कांच्या दोन करारांना जोडलेलं १९७९ चं निवेदन जवळ ठेव. त्यात भारताने स्वयंनिर्णय फक्त परकीय सत्तेखालच्या लोकांपुरता मानलाय. फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्सने त्यावर हरकत घेतली होती, ते विचारलं जाईलच.

सुधारलेला मसुदा पाठव.

तुझा,
मार्गदर्शक