टीव्ही बदलू नका. आणि घरातली जुनी कॅसेट तर मुळीच टाकू नका

तुमची पोस्ट वाचून हसू आलं आणि थोडं पोटातही कालवलं. आजोबांच्या ८०व्या वाढदिवसाला जुन्या मराठी बोलपटाची डीव्हीडी आणली, लावली, तर माणसांची कपाळं कापलेली, चेहरे मेणाचे, गाणी चिरकी. आणि दुकानदार सांगतो, टीव्ही बदला. मी या सगळ्यातून २००९ साली गेले आहे. फरक इतकाच, की मी टीव्ही आधी बदलला आणि मग फसले.

केबल, प्लेअर, टीव्हीचं सेटिंग तुम्ही बघितलं असेलच, त्यावर लिहीत नाही. एकच सांगते. माणसं जाडी दिसत असतील तर दोष टीव्हीच्या सेटिंगचा असू शकतो, तो जातो. टीव्हीचा झूम बंद असूनही कपाळ कापलेलं असेल तर ते डिस्कमध्येच कापलेलं आहे, ते कोणत्याही रिमोटने परत येत नाही. ताट किंवा बैलगाडीचं चाक पडद्यावर येईल तिथे थांबवा. चाक गोल आहे, झूम बंद आहे आणि तरी डोकी कापलेली, म्हणजे कंपनीने वरखाली कात्री चालवली आहे.

त्या काळातल्या बोलपटांची चौकट उंचीच्या साधारण १.३७ पट रुंद, म्हणजे जवळजवळ चौकोनीच. आजच्या टीव्हीची १.७८ पट. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या न ठेवता पडदा भरायचा तर उंचीतला जवळपास पाव भाग फेकावा लागतो. हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटलं, वा, काय चित्र आहे!

आता माझा मूर्खपणा. बाबा मुंबई दूरदर्शनवरचे शनिवारचे मराठी चित्रपट व्हीसीआरवर उतरवून ठेवायचे. चाळीसेक कॅसेट, प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरात नाव आणि तारीख. त्यातला तीसच्या दशकातला एक बोलपट त्यांचा फार लाडका. (नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं तर डीव्हीडीची कंपनी कोणती ते लगेच कळेल आणि मला इथे भांडण नको.) कॅसेटवरचं चित्र गढूळ, मध्येच पट्टे, एका ठिकाणी बातम्यांची पाटी सरकून गेलेली. त्याच बोलपटाची नवी डीव्हीडी बाजारात आली, वर 'डिजिटली रिस्टोअर्ड' असं सोनेरी अक्षरात. नव्या टीव्हीवर पहिली पाच मिनिटं बघितली: स्वच्छ, एक ओरखडा नाही, पडदा काठोकाठ भरलेला. दिवाळीची साफसफाई चालू होती, माळा भरलेला होता, घरचे म्हणत होते की हे प्लॅस्टिक किती दिवस सांभाळायचं. भंगारवाल्याला चाळीसच्या चाळीस कॅसेट वजनावर दिल्या. बाबांना विचारलंही नाही. डीव्हीडी बघून खूश होतील अशी खात्री होती.

पाडव्याला त्यांना ती लावून दिली. स्वयंपाकघराचा एक प्रसंग आहे, बाई फळीवरचा तांब्या काढते. डीव्हीडीत फळीच नाही. हात वर जातो, पडद्याबाहेर नाहीसा होतो आणि तांब्या घेऊन खाली येतो. बाबा म्हणाले, "फळी कुठे गेली?" मग त्यांनी एकेक काढायला सुरुवात केली. लग्नातल्या लाह्या हातातून सुटतात आणि हवेत विरतात. पावसाच्या प्रसंगात पाऊस अर्धामुर्धा. एक अख्खं पद गायब. शेवटी म्हणाले, "ती कॅसेट लाव." मी काय सांगणार होते?

लाह्यांचं कारण मला नंतर कळलं. कचरा काढणारं सॉफ्टवेअर लागोपाठच्या फ्रेम, म्हणजे फिल्मवरची एकेक चित्रं, ताडून बघतं. एकाच फ्रेममध्ये दिसून पुढच्या फ्रेममध्ये नाही असा ठिपका असेल, तर तो धूळ समजून पुसतं. उडणारी लाही, पावसाचा थेंब, ठिणगी यांचं नेमकं तेच होतं. डोळसपणे काम करणारा माणूस अशा जागी यंत्र बंद ठेवतो. इथे बटण दाबून सगळे जेवायला गेले असावेत. चेहरे मेणाचे होतात तेही याच घाईने. फिल्मवर जो बारीक रवा दिसतो तोच चित्राचा कण आहे, घाण नव्हे. तो घोटून काढला की त्याच्याबरोबर सुरकुत्या जातात, लुगड्याचं पोत जातं. म्हणून माझं ठाम मत: ओरखडे आणि रवा असलेली डिस्क गुळगुळीत डिस्कपेक्षा केव्हाही बरी. (इथल्या काही सदस्यांना हे पटत नाही, मला माहीत आहे.)

कंपनीला मी पत्र लिहिलं. फोनवर उत्तर मिळालं, "मॅडम, गिऱ्हाइकाला काळ्या पट्ट्या आवडत नाहीत." पदाबद्दल विचारलं तर प्रिंटच तशी आली म्हणाले. मग मूळ प्रिंट बघायला मिळेल का म्हणून एका कार्यालयात गेले, तिथे पहिला प्रश्न, "आपण संशोधक आहात का?" नाही म्हटलं तर अर्ज करा, अर्ज केला तर शिफारसपत्र आणा, पत्र आणलं तर संबंधित साहेब रजेवर. तीन खेपांनंतर सोडून दिलं. असो.

यातून शिकले ते सांगते. मी तंत्रज्ञ नाही, बँकेत नोकरी केली आणि पेटी वाजवते, तेवढ्या बेताने घ्या.

चित्रपटाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं ते पुढे ढकलू नका, तिथे थांबवा. त्यावर रिळं आणि लांबी दिलेली असते. ३५ मिमीची फिल्म मिनिटाला ९० फूट, म्हणजे साधारण २७.४ मीटर पळते. १२,००० फूट असेल तर १३३ मिनिटं. डिस्क १२८ मिनिटांची असेल तर घाबरू नका, काही कापलेलं नाही. आपल्याकडची टीव्हीची पाल पद्धत सेकंदाला २५ फ्रेमची आणि फिल्म २४ची, त्यामुळे चित्रपट चार टक्के लवकर संपतो. पण डिस्क ११८ची निघाली, तर दहा मिनिटं कुणीतरी खाल्ली. डिस्कमध्ये प्रमाणपत्रच कापलेलं असेल, तर मी ती डिस्क घेतच नाही.

गाणी चिरकी वाटतात त्याचं अर्धं कारण हाच वेग. सूर अर्ध्या स्वराला थोडा कमी इतका चढतो. काळी एकमधलं (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरातलं) गाणं पेटीवर धरायला जा, ते काळी एकलाही लागत नाही आणि शेजारच्या पांढरी दोनलाही, मध्येच कुठेतरी लोंबकळतं. त्या गाण्याची जुनी तबकडी लावून ताडायला जाल, तर तबकड्यांचा वेगही अचूक नसे, म्हणून याला पुरावा म्हणू नका, खूण म्हणा. आणि खरं सांगायचं तर बाबांची कॅसेटही दूरदर्शनवरून, म्हणजे त्याच वेगाची. त्यांना त्याचं कधी काही वाटलं नाही. संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग ०.९६ करून बघा. सूर खाली येणार नसेल, तर वेग बदलताना सूर तसाच ठेवायचा पर्याय सेटिंगमध्ये बंद करा.

'तीन चित्रपट एका डिस्कवर' प्रकार तर घेऊच नका. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. सात तासांचा माल कोंबला तर सेकंदाला जेमतेम दीड मेगाबिट वाट्याला येतात. सव्वादोन तासांचा एकच चित्रपट दोन थरांच्या ८.५ जीबीवर असेल, तर आठाच्या वर. काळ्यापांढऱ्या चित्रपटात अंधारातले चौकोन चौकोन दिसतात ते या कोंबाकोंबीचे. चालत्या माणसाच्या मागे भुतासारखी दुसरी आकृती दिसत असेल, तर पालची टेप एनटीएससीत (अमेरिकेकडच्या टीव्ही पद्धतीत) घाईने बदललेली आहे. आपल्या बाजारातल्या पुष्कळ डिस्क परदेशातल्या गिऱ्हाइकासाठी एनटीएससीतच निघालेल्या आहेत.

सगळा दोष कंपन्यांचा नाही, हेही लिहायला हवं. १९५०च्या आसपासपर्यंतची फिल्म नायट्रेटची, पेट घेणारी आणि नीट न ठेवल्यास स्वतःच कुजणारी. ८ जानेवारी २००३ला पुण्यात नायट्रेटच्या कोठाराला आग लागली, त्यात कितीतरी जुनी रिळं गेली. उरतं ते बरेचदा प्रतीच्या प्रतीची प्रत. पण मन लावलं तर काय होतं तेही बघा. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या आगीत होरपळल्या होत्या, त्यातून इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेने जे वाचवता आलं ते वाचवलं आणि २०१५ साली नवी प्रत आली. आपल्याकडे मात्र चित्रपटाचा कॉपीराइट ६० वर्षांनी संपतो (बारकावे वकिलाला विचारा, माझ्यावर जाऊ नका), मग हाताला लागेल ती टेप घेऊन कुणीही डिस्क काढतं.

तुमच्यापुरतं: ही डीव्हीडी परत करा, घेत नसतील तर ठेवून द्या. त्याच बोलपटाची जुनी व्हीसीडी (डीव्हीडीच्या आधीची डिस्क) मिळते का बघा. चित्र ३५२ बाय २८८ इतकंच, अंधुक दिसेल. पण बऱ्याच व्हीसीडी जुन्या टीव्हीसाठी निघालेल्या, त्यामुळे चौकट पूर्ण असण्याची शक्यता जास्त. दोन्ही शेजारी शेजारी लावून तीन प्रसंग ताडून बघितल्याशिवाय एकही टाकू नका. आजोबांना अंधुक चालेल, फळी नसलेली चालणार नाही.

आणि तुमच्या डीव्हीडीवर प्रमाणपत्र शिल्लक असेल तर त्यावरची लांबी इथे टाका, फूट आहेत की मीटर तेही लिहा. मी हिशोब करून सांगते किती गेलंय ते.