नागपुरात संत्र्याच्या झाडावरील अळ्या-कीटकांचे मॅक्रो (अगदी जवळून मोठे दिसणारे) फोटो काढायचे आहेत. कमी खर्चात प्रकाशयोजना कशी करावी?

एक साधा, वापरलेला मॅन्युअल (शक्ती हाताने ठरवायचा) फ्लॅश घ्यावा आणि त्याच्यापुढे बटर पेपरचा घरगुती डिफ्यूझर (प्रकाश पसरवणारा पडदा) लावावा. त्याच पैशांत मिळणाऱ्या लहान एलईडी दिव्यापेक्षा हा पर्याय निश्चितच सरस आहे. याचे कारण असे की 1:1 वर्धनाला, म्हणजे कीटक संवेदकावर खऱ्या आकारात उमटतो तेव्हा, भिंगाचे एफ/11 हे छिद्र प्रत्यक्षात त्याहून लहान अशा एफ/22 इतकेच काम करते, म्हणजे कॅमेऱ्याच्या संवेदकावर चौथा हिस्सा प्रकाश पोहोचतो, आणि वाऱ्याने हलणाऱ्या पानावरील लिंबू फुलपाखराची अळी टिपताना ही तूट शटर लांबवून भरून काढता येत नाही. फ्लॅश पूर्ण शक्तीच्या 1/16 वर ठेवल्यास त्याची लकाकी 1/2000 सेकंदापेक्षाही कमी काळ टिकते व हालचाल गोठते. कागद फ्लॅशला चिकटवू नये. तो भिंगाच्या टोकाशी, अळीच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यावा, कारण विषयाच्या तुलनेत प्रकाशस्रोत जितका मोठा, तितक्या सावल्या मऊ. खालच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा धरला की पोटाकडचा काळोखही उजळतो. नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांतील उन्हात मात्र दुपारचा हट्ट सोडून सकाळी लवकर बाग गाठावी, कारण थंडाव्यात कीटक मंद असतात. एक सावधगिरी: फिल्मच्या काळातील काही फ्लॅशच्या ट्रिगरवर (कॅमेऱ्याला जोडणाऱ्या टोकांवर) 200 व्होल्टहून अधिक विद्युतदाब असतो व त्याने डिजिटल कॅमेरा निकामी होऊ शकतो, म्हणून जुना फ्लॅश मल्टिमीटरने तपासल्याशिवाय जोडू नये.