आधी कबरी की आधी भट्ट्या? लक्झेंबर्गला जाणाऱ्यांचे तीन प्रश्न

प्रश्न: मुलगी-जावई लक्झेंबर्गला असतात, सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं तीन आठवडे जातोय. मी ऑर्डनन्स फॅक्टरीत ३४ वर्षं काढली, त्यामुळे मला युद्धस्मारकं आणि जुने स्टील प्लांट, दोन्ही बघायचेत. जावई म्हणतात देश एवढुसा, एक दिवस युद्धाचा, एक दिवस कारखान्यांचा, संपला विषय. हिचं म्हणणं, एवढे पैसे घालून जायचं आणि कबरी नि भंगार बघायचं? जावयांना रोज गाडी काढायला लावणं मला बरं वाटत नाही, माझे गुडघेही कुरकुरतात. कसं जमवू?
– एक वाचक, अंबरनाथ

उत्तर: काका, गाडीचं टेन्शन पहिलं सोडा. २०२० पासून तिथे बस, ट्राम, ट्रेन सगळं फुकट आहे, टुरिस्टलासुद्धा. तिकीट काढायचंच नाही, नुसतं चढायचं. फक्त ट्रेनच्या फर्स्ट क्लासला पैसे पडतात, तेव्हा डब्यावरचा आकडा बघून चढा. देश २,५८६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्यापेक्षाही लहान, त्यामुळे रात्री मुलीकडे जेवायला परत.

पण जावईबापूंची वाटणी काही मला पटली नाही. तिथे युद्ध आणि कारखाना वेगळे काढताच येत नाहीत. कसं ते सांगते. लक्झेंबर्ग शहराच्या स्टेशनवरून बेलवालची ट्रेन पकडा, जुना स्टील प्लांट तिथेच आहे, साधारण अर्धा तास लागतो. वाटेत एश नावाचं गाव लागतं, त्याच्या जरा आधी शिफ्लांज नावाचं स्टेशन येतं, तिथून एशपर्यंत रुळांना लागूनच बंद पडलेला स्टील प्लांट दिसेल, आता त्या जागेवर नवीन वस्ती उभी करतायत. १९४० मध्ये जर्मनांनी देश ताब्यात घेतला आणि ३० ऑगस्ट १९४२ ला जाहीर केलं की इथल्या तरुण पोरांना जर्मन सैन्यात भरती व्हावंच लागेल. म्हणजे ज्यांनी घर बळकावलं त्यांच्यासाठीच मरायला जायचं. दुसऱ्या दिवशी उत्तरेला विल्ट्झ गावात चामड्याच्या कारखान्यातले कामगार संप करून बाहेर पडले आणि त्याच दिवशी इथे शिफ्लांजला प्लांटचा भोंगा वाजला, अवेळी. भोंगा म्हणजे काय हे तुम्हाला मी काय सांगणार, चाळीस वर्षं गाव त्याच्यावर घड्याळ लावतं, आणि तो भलत्या वेळी वाजला की अख्ख्या गावाच्या पोटात गोळा येतो. तो वाजवणाऱ्या कामगाराचा शिरच्छेद झाला, संपाबद्दल बाकी वीस जणांना हिन्झर्टच्या छळछावणीत गोळ्या घातल्या. आता सांगा, हे तुमच्या कुठल्या दिवसात बसवणार, युद्धाच्या की कारखान्याच्या?

म्हणून माझं ऐकाल तर पहिल्या दिवशी शिफ्लांजवरून बेलवालला जा आणि नंतर एक अख्खा दिवस विल्ट्झला द्या, तिथे त्या संपाचं स्मारक दीपगृहासारखं उभारलंय. समुद्र नसलेल्या देशात दीपगृह! मला आधी हसू आलं होतं, मग नाही आलं.

बेलवालला तुमचा दिवस जाईल हे नक्की. दोन ब्लास्ट फर्नेस, म्हणजे झोतभट्ट्या, जागच्या जागी उभ्या आहेत, पाइप, जिने, गंज सगळ्यासकट. तिसरी चीनने विकत घेऊन सुटी करून नेली. शेवटची भट्टी १९९७ ला विझली आणि आता त्याच आवारात युनिव्हर्सिटी भरते, जिथे भट्टीत घालायचा कच्चा माल साठवायचे त्या शेडची लायब्ररी झालीये. पोरं लॅपटॉप घेऊन बसलेली आणि काचेतून बाहेर ही एवढी मोठी झोतभट्टी. सीझनमध्ये एका भट्टीवर चढून जाता येतं पण जिने आहेत बरं का, गुडघ्यांना विचारून ठरवा, खालूनही भरपूर दिसतं. इथलं खनिज, ज्याला ते मिनेट म्हणतात, तसं हलक्या प्रतीचंच, लोखंड कमी आणि फॉस्फरस जास्त. १८७९ च्या सुमारास फॉस्फरस काढून टाकणारी थॉमस-गिलख्रिस्ट पद्धत आली तेव्हा कुठे त्याचं धड पोलाद व्हायला लागलं, आणि उरलेली मळी खत म्हणून शेतात जायची, म्हणजे काही वाया नाही. बेलवालचा प्लांट ज्या आर्बेड कंपनीचा होता, तिचं पुढे आर्सेलर झालं आणि २००६ मध्ये आपल्या मित्तलांनी ते घेतलं, हेडऑफिस अजून लक्झेंबर्गलाच आहे.

आणि काकूंना सांगा, त्यांच्यासाठी शहरातच गेल फ्रा आहे, खांबावर उभी सोनेरी बाई, हातात विजयाची माळ. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांसाठी १९२३ मध्ये उभारली, १९४० मध्ये नाझींनी पाडली, आणि मग ती गायबच! चाळीसेक वर्षांनी सापडली कुठे, तर फुटबॉल स्टेडियमच्या स्टँडखाली. १९८५ ला परत खांबावर चढली. ही गोष्ट ऐकून काकू भंगार म्हणणार नाहीत. त्यानंतर ग्रोम्परेकिशेल्शर खायला घाला, बटाटा किसून तळलेल्या टिक्क्या, उपासाच्या थालीपिठाची मावसबहीणच, फक्त त्यात अंडं असतं हे आधी सांगा.

प्रश्न: आम्ही ब्रसेल्सला राहतो. लक्झेंबर्ग शहराजवळ हॅमला अमेरिकन सैनिकांच्या कबरी बघणार आहोत, जवळच जर्मन सैनिकांचीही दफनभूमी आहे म्हणे. तिकडे जाणं मनाला पटत नाही. जावं का?
– एक वाचक, ब्रसेल्स

उत्तर: जा, आणि त्याच दिवशी जा. हॅमला पाच हजारांवर कबरी, पांढरे संगमरवरी क्रॉस, हिरवळ अशी की कंगव्याने विंचरलीये. दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकन सेनापती जनरल पॅटन यांची कबर अगदी पुढे, आपल्या सैनिकांकडे तोंड करून. आधी ते इतरांमध्येच होते, पण बघ्यांनी आजूबाजूच्या कबरी तुडवायला सुरुवात केली म्हणून त्यांना हलवलं. लढाईत नाही गेले ते, युद्ध संपल्यावर डिसेंबर १९४५ मध्ये गाडीच्या अपघातात.

सांडवायलर, म्हणजे ती जर्मन दफनभूमी, तिथून चालत जाण्यासारखी आहे. सुमारे ११ हजार जर्मन सैनिक, काळपट दगडाचे आखूड क्रॉस, एकेकावर एकापेक्षा जास्त नावं, सावली दाट, माणसं तुरळक. मी तिथे तारखा वाचत होते आणि मनात वजाबाकी चालली होती, अठरा, एकोणीस, अठरा. मला राग आणायचा होता पण तो काही आला नाही. त्या गणवेशात लक्झेंबर्गची दहा हजारांहून जास्त पोरं जबरदस्तीने घातली होती, हे लक्षात ठेवून आत शिरा. तुम्हाला राग आला तरी काही चूक नाही.

प्रश्न: सहा आणि नऊ वर्षांची मुलं बरोबर आहेत, ती कंटाळतील का?
– एक आई, पुणे

उत्तर: कबरींना कंटाळतील, त्यांना फाँ-द-ग्रा या जुन्या खाणीच्या जागी न्या. मे ते सप्टेंबर, रविवारी, वाफेच्या इंजिनाची गाडी धावते, शिवाय खाणीची छोटी गाडी बोगद्यातून आरपार नेते. रुमेलांजला खाणीचं म्युझियमही आहे, तिथेही आत गाडीने नेतात आणि भर उन्हाळ्यात आत थंडगार असतं, स्वेटर विसरलात तर रडारड होईल. या गाड्या मात्र फुकटात येत नाहीत, तिकीट लागतं. वाफेच्या गाडीत बसताना पांढरे कपडे नकोत, काजळी उडते.