नाटकाचे हक्क दिले, मंडळी प्रयोग करत नाही. कॉपीराइट बोर्डाकडे जाता येईल का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं : २०१७ साली झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) एका नाटक मंडळीला नाटक एकरकमी दिलंत, एक हंगाम प्रयोग झाले, मग संहिता पडून राहिली. आता ते स्वतः करत नाहीत आणि दुसऱ्या मंडळीलाही देऊ देत नाहीत.

मी नागपुरात वकिली करतो. लेखकांचे असे कागद वरचेवर हाती येतात आणि दर वेळी जीव तुटतो.

बोर्ड आता उरलेलं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने ते आलं, २०१७ मध्ये त्याचं काम बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे गेलं आणि २०२१ मध्ये ते मंडळही बंद झालं. अधिकार मात्र संपले नाहीत. हक्क-हस्तांतरणाच्या तक्रारी आता कमर्शियल कोर्टाकडे, म्हणजे व्यापारी वादांसाठीच्या न्यायालयाकडे, जातात.

तुमच्या कामाचं ते त्याच कायद्याचं कलम १९अ. हक्क घेणारा ते पुरेसे वापरत नसेल आणि त्यात लेखकाचा दोष नसेल, तर कोर्टाला चौकशी करून हस्तांतरण रद्द करता येतं. थकलेली रॉयल्टी वसूल करून देण्याचा आदेशही याच कलमाखाली निघतो. कराराबद्दलच्या वादातून हस्तांतरण रद्द करायचं, तर ते पहिल्या ५ वर्षांत होत नाही. तुमची ती मुदत उलटली आहे. शक्यतो ६ महिन्यांत निकाल द्यावा, असंही कायदा म्हणतो. कोणी तुमचं नाटक चोरून केलं असतं, तर तो विषय बोर्ड असतानाही त्याच्या कक्षेत नव्हता. तो दावा जिल्हा न्यायालयात, आणि तुम्ही राहता तिथेच लावता येतो.

पण कोर्टाआधी तो कराराचा जुना कागद काढा. मुदत लिहिली आहे का, ते बघा. लिहिलेली नसेल, तर कलम १९(५) प्रमाणे ती ५ वर्षं धरतात. म्हणजे २०२२ मध्येच हक्क तुमच्याकडे परत आले असतील आणि तुम्ही उगाच परवानगी मागत बसला आहात! पुस्तक किंवा व्हिडिओचे हक्कही दिले असतील आणि वर्षभरात त्यांनी ते वापरले नसतील, तर कागदात वेगळं काही नसल्यास तेवढे हक्क आपोआप सुटतात. आणि सही केलेला कागदच नसेल, सगळं तोंडीच ठरलं असेल, तर कायद्याच्या दृष्टीने हस्तांतरण झालेलंच नाही.

‘कायमस्वरूपी’ असा शब्द असेल तर मात्र १९अ शिवाय इलाज नाही. मग मंडळीला स्पीड पोस्टाने नोटीस द्या, पोचपावती जपा. शेवटचा प्रयोग कधी, कुठल्या गावी झाला, याची जाहिरात किंवा हँडबिल मिळतं का ते बघा. झाडीपट्टी नाटकांचं केंद्र असलेल्या वडशाला छापखान्यांत विचारा. त्यांनी नाटक न करता नुसतं ठेवून दिलं, हे दाखवायला त्याचाच आधार होईल. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, तेव्हा नोटीस त्याआधी जाऊ द्या, म्हणजे दुसऱ्या मंडळीशी बोलायला वेळ राहील.

कागदात मुदतीबद्दल काय लिहिलंय तेवढं इथे टाका, नावं झाकून. पुढचं सांगतो.