सुरीवर लाल आलं तर चुना कमी

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका कुळागरवाल्या, म्हणजे सुपारीची बाग असलेल्या, घरातून हे पत्र आलंय. आईने लिहिलंय, चार पानं, दोन्ही बाजूंनी. सगळं देता येणार नाही, म्हणून गाभा तेवढा देते.

“मुलगा तेरा वर्षं चार महिन्यांचा आहे. 2020 साली शाळा बंद झाल्या तेव्हा तो तिसरीत जायचा होता. मोबाइलवरचे वर्ग त्याला जमेनात, म्हणून मीच घरी शिकवायला लागले. शाळा उघडल्यावर तो म्हणाला, नको. आम्हीही ताणलं नाही. आता पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजला की आमची शाळा सुरू होते. पावांचा हिशेब तोच करतो. दहापर्यंत गणित-वाचन, मग बाबांबरोबर कुळागरात, दुपारी तबला, संध्याकाळी देवळासमोर क्रिकेट. काही दिवस इतके छान जातात की वाटतं हेच बरोबर. काही दिवस मी स्वयंपाकघरात, तो पडवीत, आणि दोघंही रागाने गप्प. सासूबाई म्हणतात, पोलीस येतील. नणंद विचारते, दहावीचं काय करणार? मध्यंतरी तबल्याच्या प्रारंभिक परीक्षेला घेऊन गेले. घरी घडाघडा वाजवणारा मुलगा परीक्षकांसमोर बसला आणि हातच उचलेना. त्याच्या वहीचे फोटो पाठवते. याचं पुढे काय होईल, ते सांगा.”

ताई,

पोलिसांचं आधी सांगते, म्हणजे सासूबाईंना रात्री झोप लागेल. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या कलम 10 मध्ये सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय. पण ते न केल्यास पालकांना काही शिक्षा मात्र सांगितलेली नाही. घरी शिकणाऱ्या मुलाची कुठे नोंद व्हावी अशी सोयही त्या कायद्यात नाही. म्हणजे दारात गाडी येणार नाही, पण तुमच्या मुलाच्या हातात आज एक कागदही नाही. जन्मदाखला आणि आधार एवढंच. हे गृहीत धरून पुढचं बोलू.

त्याच कायद्याचं कलम 4 मात्र तुमच्या उपयोगाचं आहे. ज्या मुलाचं शिक्षण मध्येच राहिलं, त्याला वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात प्रवेश द्यावा लागतो. इतकी वर्षं कुठे होता म्हणून त्याला चौथीत बसवता येत नाही, आणि शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारताही येत नाही. मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षणाची तरतूदही आहे. ही वाट चौदा वर्षांपर्यंतची, म्हणजे तुमच्याकडे आठ महिने आहेत. तुम्ही ती घ्याच असं मी म्हणत नाही. पण येत्या आठ महिन्यांत एकदा तिघांनी बसून नीट विचार करून “नाही” म्हणा. नुसती तारीख उलटून गेली म्हणून नको.

आता नणंदेचा प्रश्न. दहावी ही तुमच्या सगळ्या काळज्यांतली सगळ्यात सोपी काळजी आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, सगळे जिला एनआयओएस म्हणतात, ती 1989 पासून हेच काम करते आहे. दहावीला प्रवेश घ्यायला चौदा वर्षं पूर्ण हवीत. आधीच्या शाळेचा दाखला नसेल तर हा अभ्यासक्रम झेपेल असं स्वतःचं निवेदन चालतं. पाच विषय, त्यात किमान एक भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा नाव घातलं की पाच वर्षांत नऊ संधी, आणि सुटलेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. उत्तीर्ण व्हायला 33 टक्के. हे प्रमाणपत्र घेऊन अकरावीला रीतसर जाता येतं.

कुणीतरी तुम्हाला केंब्रिजच्या परीक्षेबद्दलही सांगेल. खर्च बघा आणि विसरून जा.

दाखल्याचं एवढंच. पण मी तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तबल्याच्या त्या एका ओळीपाशी थांबले. तुम्ही ती सहज लिहून गेलात, दोन वाक्यांत. मला विचाराल तर अख्खं पत्र त्या ओळीत आहे.

मग मी वहीचे फोटो उघडले. एक पान माटोळीचं, म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर फळं-रानफळं टांगतात त्या मांडवीचं. कांगलां, कवंडळ, आंबाडे, तोरिंगं, घागऱ्यो. प्रत्येकाचं पेन्सिलने काढलेलं चित्र, खाली ते कुठल्या बांधावर सापडलं ते. कवंडळाची लाल फळं रंगवताना त्याने पानांच्या शिराही सोडलेल्या नाहीत. अशी एकशे बारा नावं आहेत, मी मोजली. मी बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. बारावीला जीवशास्त्र घेणाऱ्या किती मुलांनी स्वतःच्या अंगणातलं एक तरी झाड असं बघितलं होतं, ते न सांगितलेलं बरं.

दुसरं पान बोर्डो मिश्रणाचं. मे महिन्याच्या शेवटी, पाऊस धरायच्या आत, सुपारीवर कोळेरोग (पावसाळ्यात फळं कुजून गळण्याचा रोग) येऊ नये म्हणून बाबांबरोबर त्याने फवारणीचं मिश्रण केलं. मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) एक किलो, चुना एक किलो, पाणी शंभर लिटर. मोरचूद निम्म्या पाण्यात वेगळा, चुना निम्म्या पाण्यात वेगळा, आणि सगळं प्लास्टिकच्या पिंपात, धातूच्या नाही. पुढे त्याने पस्तीस लिटरच्या पिंपाला किती लागेल तेही काढलंय: साडेतीनशे ग्रॅम. बरोबर आहे. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दुसरी फवारणी, तीही तारीख लिहून. आणि सगळ्यात खाली एक ओळ:

“सुरीवर लाल आलं तर चुना कमी.”

बस, एवढंच. या ओळीत त्याला सगळं कळलंय. मिश्रणात लोखंडी सुरी बुडवायची. तिच्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा राहिलाय, तसंच फवारलं तर कोवळी सुपारी भाजेल, आणखी चुना घालायचा. हे त्याच्या बाबांना त्यांच्या बाबांनी दाखवलं असणार.

आता हीच गोष्ट दहावीच्या विज्ञानात आहे. पुस्तकात सुरीऐवजी खिळा असतो आणि पिंपाऐवजी परीक्षानळी. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात खिळा बुडवला की त्यावर तांबं जमतं आणि निळा रंग फिका होतो, कारण लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील आहे आणि ते तांब्याला त्याच्या क्षारातून हुसकावून लावतं. विस्थापन अभिक्रिया. शाळेतली मुलं हे पाठ करतात. तुमच्या मुलाने ते स्वतःच्या सुरीवर बघितलंय. आणि तरी या प्रश्नाला आज त्याला शून्य गुण मिळतील, कारण उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसाला “सुरीवर लाल आलं” म्हणजे काय ते कळणार नाही. तो माणूस तुमच्या कुळागरात उभा नाही.

तबल्याच्या वेळी झालं ते हेच. गेली चार-पाच वर्षं तुमचा मुलगा जे काही करतो ते तुम्हाला दाखवतो. तुम्हाला अर्ध्या वाक्यात कळतं. त्याने “ते कालचं” म्हटलं की कालचं काय ते तुम्हाला ठाऊक. घरी शिकण्याचं मोठं सुख हेच आहे आणि खड्डाही हाच. ज्याला आपल्याबद्दल काहीच माहीत नाही अशा माणसाला पहिल्यापासून सगळं सांगायची वेळ त्याच्यावर आलीच नाही. परीक्षक समोर बसले तेव्हा तबल्यावरची रचना, तो कायदा, विसरला नव्हता तो. त्यांच्याशी सुरुवात कुठून करायची ते त्याला सुचेना.

म्हणून माझं सांगणं एकच आहे: त्याचं काम बघणारं, तपासणारं, त्यावर शेरा मारणारं माणूस यापुढे तुम्ही असू नका. शिकवा, बसा बरोबर, पण तपासू नका. याने तुमचे ते “दोघंही गप्प” वाले दिवसही कमी होतील, हे मी लिहून देते. एकाच बाईने पहाटे आई, सकाळी बाई आणि दुपारी परीक्षक व्हायचं म्हणजे कुणाचंही डोकं फिरेल. तुम्ही तुमच्या थकव्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत. अक्षर मात्र तिसऱ्या पानापासून बदललंय.

परका माणूस आणायचा कुठून? जवळपासच आहेत. फोंड्याला विभागीय कृषी कार्यालय आहे, तुमचं कृषी कार्ड असेल तर बाबांचं तिथे जाणं-येणं असेलच. पुढच्या खेपेला मुलाने बरोबर जावं आणि बाबांनी बाहेर बाकावर बसावं. मुलाने आत जाऊन विचारावं, कोळेरोगाच्या दुसऱ्या फवारणीच्या दिवशी पाऊस थांबलाच नाही तर काय करायचं? प्रश्न खरा आहे, उत्तरही घरी लागणारं आहे, म्हणजे नाटक वाटणार नाही. मग जुने गोवे, एला इथलं केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेचं आवार. तिथे शेतकरी जातात तसा तोही जाऊ शकतो. आणि महिन्यातून एकदा पणजीला, पाटो प्लाझाच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात. तिथे माटोळीतल्या वनस्पतींची शास्त्रीय नावं त्याने स्वतः शोधावीत, काउंटरवर पुस्तक स्वतः मागावं. तुम्ही खाली चहा घ्या. निदान एक तास तरी तुमचा.

तबल्याची परीक्षा पुढच्या सत्रात पुन्हा द्यायला लावा. नापास झाला तरी चालेल. त्याआधी त्याच्या गुरुजींना सांगा की चार वेळा वेगवेगळ्या माणसांसमोर बसवा. शेजारचे आजोबा, भजनी मंडळ, कुणीही. पेटीवर साथ धरणारा कुणी अनोळखी असला तर उत्तम.

आता थोडं रूक्ष. एनआयओएसला चौदा पूर्ण झाल्याबरोबर धावू नका, पंधरा पूर्ण झाल्यावर परीक्षेला बसला तरी शाळेतल्या मुलांच्या बरोबरीनेच राहील. विषय: मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि पाचवा चित्रकला. गणित-विज्ञान तिथे सक्तीचं नाही, त्यामुळे बरेच पालक ते गाळून टाकतात आणि बारावीला पस्तावतात. या मुलाच्या बाबतीत तो विचारही करू नका. मराठी माध्यमातूनही दहावी देता येते, पण मी इंग्रजी माध्यम सुचवते, आणि हे सुचवताना मला आनंद होत नाहीये. घरी कोंकणी, वहीत मराठी, हे त्याचं सोनं आहे. पण आपल्याकडे अकरावी-बारावी विज्ञान इंग्रजीत आहे आणि त्याच्या वहीत मला इंग्रजीचं एकच पान दिसलं, तेही तुमच्या अक्षरातलं. रोज एक पान स्वतःच्याच वहीतून इंग्रजीत लिहू दे. माटोळीपासून सुरू करा. आशय माहीत असला की परकी भाषा निम्मी सोपी होते.

एनआयओएसच्या लेखी भागाच्या गुणांत 20 टक्के वाटा गृहपाठाचा असतो, आणि तो अभ्यास केंद्रातले शिक्षक तपासतात. बहुतेक घरांत तो आई लिहिते किंवा शिकवणीवाले लिहून देतात. तुम्ही पेनाला हात लावू नका. तुमच्या मुलाला परका वाचक आयता मिळतोय, तो फुकट घालवायचा नाही.

अकरावी-बारावीला मात्र मी कॉलेजात घाला म्हणेन. उच्च माध्यमिक, विज्ञान, जीवशास्त्रासह. प्रयोगशाळा घरी होत नाही, आणि सोळाव्या वर्षी मुलाला आईच्या नजरेबाहेर दिवसाचे सहा तास हवेतच. त्यानंतर केपे तालुक्यात सुळकर्णेला गोवा विद्यापीठाशी संलग्न कृषी महाविद्यालय आहे. दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ आहे, 1972 पासूनचं, तिथे वनशास्त्रही आहे. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र आहेच. चित्राचा हात असाच राहिला तर पणजीतल्या आल्तिनोचं कला महाविद्यालयही नाकारू नका. वनस्पती अचूक चितारणारी माणसं फार थोडी असतात. राखीव जागांसाठी रहिवासी दाखला लागतो आणि मुलगा तिसरीपासून शाळेत गेलाच नाही, त्या वर्षांचे कागद तुमच्याकडे नसणार, म्हणून मामलेदार कार्यालयातलं काम आत्तापासून करून ठेवा. ऐन जूनमध्ये तिथली रांग मी बघितलेली आहे.

मुलांत मिसळेल का, हा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत, पण गावकरी विचारत असतील. देवळासमोर रोज क्रिकेट खेळणाऱ्या मुलाबद्दल तो प्रश्न मलाही पडला नाही.

आता या आठवड्याचं काम. बोर्डोचं पान त्याला पुन्हा लिहायला सांगा. वाचणारा माणूस दिल्लीचा आहे, त्याने सुपारीचं झाड पाहिलेलं नाही आणि मोरचूद हा शब्द ऐकलेला नाही, असं धरून. सुरी का, लाल कशामुळे, चुन्याने काय होतं, सगळं. दोन पानं तरी व्हायला हवीत. तुम्ही वाचायचं नाही. शुद्धलेखनसुद्धा नाही.

पाकिटावर पत्ता त्यानेच घालावा. मी लाल पेनाने तपासून परत पाठवेन.